डाव्या गालाची स्लाईड

माझ्या डाव्या गालाची आतली बाजू भंडारा जिल्ह्यातल्या जितक्या पोरापोरींनी पाहिली, तितकी माझ्या दाताच्या डॉक्टरनंही पाहिली नसेल. हसू नका, खरं सांगते. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि रविवारी सकाळी बी.एस्सी.च्या पाच-सहा जणांना घेऊन प्रयोगशाळेत बसायचे. नवी तुकडी आली की पहिला धडा ठरलेला. मी स्टुलावर बसून आ करायचे आणि म्हणायचे, "घ्या." मग एकेकानं लाकडी पट्टीनं माझा गाल आतून हलकेच खरवडायचा, निघेल ते काचेच्या स्लाईडवर पसरायचं, स्पिरिटात बुडवायचं, निळा रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. पहिल्यांदा पट्टी धरणाऱ्याचा हात असा थरथरायचा की मला वाटे, हा आता माझी पडजीभच घेऊन जातो.

"तुमचाच गाल कायले जी मॅडम?" असं पोरं विचारायची. शिकायचं तर आधी निरोगी पेशी पाहावी लागते, आणि तिच्यासाठी तंबाखू, सुपारी, पान यातलं काहीही न लागलेलं तोंड लागतं. ऐंशी सालच्या आसपास आमच्या भागात असं तोंड शोधायला कंदील घेऊन फिरावं लागलं असतं. पोरांच्या खिशात तंबाखूची डबी. पोरींच्या घरी गुडाखू. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा. बाया तो दात घासायचा म्हणून हिरड्यांना चोळतात आणि मग तासभर तोंडातच ठेवतात. मी मात्र विधवा. नवरा गेला तेव्हापासून मला कुणी पान दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. वर्गाला हे कारण मी कधी सांगितलं नाही. "माझं तोंड स्वच्छ आहे, तुमचं नाही, चूप बसा," एवढंच सांगायचे.

हा रविवारचा उद्योग मी का मांडला, तेही सांगते. लग्नानंतर मी मुंबईत कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. कामात जीव रमला होता. आणि नवरा साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. सासर भंडाऱ्याचं, सासूबाई एकट्या. आले परत. कॉलेजात जागा मिळाली, पगार मिळाला, लोक म्हणाले नशीब चांगलं. मला मात्र ते अर्धवट टाकलेलं काम खुपायचं. फार खुपायचं. मग मनाशी म्हटलं, आपण नाही तर आपल्या हातची पोरं तरी जातील. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात बेडूक होता, झुरळ होतं, कॅन्सर नव्हता. म्हणून रविवार.

विद्यार्थ्यांना मी गावाच्या नावानं हाक मारायचे. "ए कारधा, आरसा नीट फिरव, उजेड येत नाही." वीज भरवशाची नव्हतीच, त्यामुळे सूक्ष्मदर्शक खिडकीत ठेवून, खालचा आरसा उन्हाकडे वळवून काम चालायचं. जे दिसतं तेच काढायचं, पुस्तकात आहे ते नाही, हा माझा नियम. पोरं सुबक गोल काढायची, पुस्तकातल्यासारखे. मी तो कागद टराटरा फाडायचे. "डोळे आहेत का बटनं लावली आहेत? ही पेशी वाकडी आहे, वाकडीच काढ!" एक-दोघं रडायचीही. रडून झालं की पुन्हा काढायची, आणि या वेळी बरोबर काढायची.

एकदा मी सांगत होते की कॅन्सरची पेशी थांबायचं विसरते, वाढतच जाते, पण सुरुवातीला शेजारणीसारखीच दिसते, म्हणून ती ओळखणं अवघड. तेव्हा करडीहून येणारा एक पोरगा मागून बोलला, "म्हंजे करगाच झाला मॅडम." करगा म्हणजे धानात उगवणारं जंगली धान. लोंबी बाहेर पडेपर्यंत ते अस्सल धानासारखंच दिसतं, आणि ओळखू येतं तोवर दाणे गळून पुढच्या सालाची सोय झालेली असते. मी शाबास म्हटलं नाही, माझ्या तोंडून तो शब्द सहसा निघत नसे. पण पुढं प्रत्येक तुकडीला मी करगाच सांगितला.

त्याच तुकडीत सिहोऱ्याची एक मुलगी होती. बाप तांदळाचा व्यापारी. ही बोलायची कमी आणि बघायची जास्त. बाकीचे दहा मिनिटांत "झालं मॅडम" म्हणून मोकळे व्हायचे; ही एका स्लाईडवर अर्धी सकाळ घालवायची. तिनं काढलेल्या चित्रात मला फाडायला काही सापडत नसे, याचा मला रागही यायचा. मुंबईच्या माझ्या जुन्या प्रयोगशाळेत दर साली मोजक्या मुलांना संशोधन शिकायला घेत. मुलाखत व्हायची, आणि मुलाखतीला स्वतः केलेलं एखादं लहानसं काम घेऊन जावं लागायचं. मी ठरवून टाकलं, ही जाईल.

मी ठरवून काय होतं? पौषात तिचा बाप कॉलेजात आला. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, बोलणं गोड पण डोळे तराजूवर.

"मॅडम, बेडूक शिकवता म्हणून आमी पोट्टीले धाडलं. हे दुसरं कायले शिकवून राहिल्या?"

त्यानं रोगाचं नाव घेतलं नाही. आमच्याकडे घेतच नसत. 'तो रोग' म्हणायचे आणि जमिनीकडे बघायचे.

"कॅन्सर म्हणा की," मी म्हटलं. "नाव घेतल्यानं होत नाही."

"तुमी शिकलेल्या. पण गावात गोष्ट पसरली ना जी. लोकं म्हणतेत, व्यापाऱ्याची पोट्टी त्या रोगाच्या मागं लागली, तिलेच असन. उद्या तिच्या संग लगन कोण करन?"

मला असा राग चढला होता! पण पोरगी दाराशी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मी आवाज खाली आणला आणि मुलाखतीचं सगळं समजावून सांगितलं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "मी बाप आहो, दुश्मन नाही. होळीनंतर तुमची परीक्षा. तिची निवड झाली, तर मी स्वतः गाडीत बसवून देतो. नाही झाली, तर वैशाखात लगन. अन् मंग तुमी मधात पडायचं नाही. कबूल?"

मी मुलीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मी म्हटलं, "कबूल." म्हणजे आता सगळं त्या कामावर आलं.

काम तिनंच निवडलं. तंबाखू खाणाऱ्यांच्या गालाच्या पेशींत त्रास सुरू व्हायच्या आधीच काही बदल दिसतो का, ते पाहायचं. त्यासाठी खूप तोंडं हवीत. करडीच्या पोराचा काका गावचा पोलीस पाटील होता. पोरगा म्हणाला, "मॅडम, तुमी फक्त चला, सप्पा गाव उभा करतो." आणि माघातल्या एका रविवारी आम्ही स्लाईडच्या पेट्या, पट्ट्या आणि स्पिरिटच्या बाटल्या पोटाशी धरून सकाळच्या एसटीत बसलो. कारध्याच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली. धान कापून, चुरून झालं होतं. धानाच्या मोकळ्या बांधीत लाखोरीचं कडधान्य हिरवं उभं होतं. पोरगी खिडकीशी बसून ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होती. मी विचारलं तर म्हणाली, "प्रश्न पाठ करून राहिली, मॅडम. किती सालांपासून खाता, दिवसातून किती वेळा."

करडीत पोचलो आणि पाहतो तर काय, पाटलाच्या आंगणात जत्रा! सडा घातलेला, सतरंज्या टाकलेल्या. कोतवालानं आदल्या दिवशी गावभर हाक दिली होती: भंडाऱ्याच्या कॉलेजातल्या मॅडम तोंडं पाहायला येऊन राहिल्या, सगळ्यांनी यावं. मुलगी पाहायला पाहुणे यावेत तसा थाट. माणसांनी धुतलेले सदरे घातलेले, बाया ठेवणीतल्या लुगड्यात. एकानं स्पिरिटची बाटली उघडून हुंगली आणि गंभीरपणे विचारलं, "मॅडम, मोहाची हाय का जी?" मी म्हटलं, "पिऊन पाहा, मग मोहाच्या झाडाखालीच पुरावं लागेल." सगळे खदखदा हसले. वाटलं, आजचा दिवस सोन्याचा.

आणि मग पाटील तबक घेऊन आला. भंडाऱ्याचं पितळी तबक, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं, त्यात विड्यांची रास. आमच्या भागात पाहुण्यांसमोर यायचं तर तोंड रंगलेलं हवं. फिक्क्या तोंडानं येणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. आणि इथं तर पाहुणे खास तोंडच पाहायला आलेले! आधी मान, मग काम. पाटील एकेकाला विडा देत फिरला. म्हाताऱ्यांना, तरण्यांना, सवाष्ण बायांना, माझ्या विद्यार्थ्यांना. माझ्यापुढं आला. तबक माझ्या हाताच्या उंचीपर्यंत खाली आलं, त्यानं माझ्या कपाळाकडे पाहिलं, आणि तबक पुन्हा वर गेलं. "मॅडमले चहा आना रे," तो घाईघाईनं म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. त्याला मला दुखवायचं नव्हतं, पण मानाचा विडा विधवेला देता येत नाही हे त्याच्या हाडात होतं.

मला काय वाटलं सांगू? वर्षानुवर्षं हे चाललेलं, सवय झालेली, तरी लागलं. विद्यार्थ्यांसमोर होतं म्हणून जास्त. मी उठून मोठ्यानं ओरडले, "चला, रांग लावा! चूळ भरून या!" चूळ भरली की पानाचा रंग जाईल असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं.

दिवसभर सिहोऱ्याचीनं गाल खरवडले. पाठ भरून आली तरी बसली नाही. परतीच्या एसटीत पेट्या मांडीवर घेऊन तशीच झोपली.

दुसऱ्या दिवशी रंग देऊन पहिली स्लाईड पाहिली, तर पेशी कुठेच नाहीत. लाल डाग, चुन्याचे खडे, सुपारीचे धागे. दुसरी तशीच. दहावी तशीच. करायला गेलो गणपती आणि झालं माकड! मी करडीच्या पोरावर तुटून पडले. "गाव उभा करतो म्हणे! गाव उभा केला आणि गावाच्या तोंडात कात-चुना भरला!" तो बिचारा पुटपुटला, "काकानं मानानं केलं जी." मान! मला त्या शब्दाचीच चीड आली होती. होळी तोंडावर आली होती, पुन्हा एवढी माणसं कुठं गोळा करणार, आणि सिहोऱ्यात वैशाखाची तयारी सुरूही झाली असेल. मी पंख्याखाली डोकं धरून बसले.

पोरगी मात्र खिडकीतून उठली नव्हती. एकेक स्लाईड लावत होती, काढत होती. संध्याकाळी उजेड जायच्या बेतात असताना म्हणाली, "मॅडम, या पाहा."

सूक्ष्मदर्शकाखाली निळ्याशार पेशी. स्वच्छ. एक थेंब लाल नाही. अशा तिनं बाजूला काढलेल्या स्लाईड बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या, पण होत्या. करडीच्या पोराला विचारलं, ही कोणाची, ती कोणाची. तो सांगत गेला. ही आमच्या शेजारची बुढी, ही तेल्याघरची, ही माझी मोठी आई. मोठी आई म्हणजे त्याच्या मोठ्या काकाची बायको, काका गेल्यावर पाटलाच्याच घरी राहणारी. सगळ्या बाया. सगळ्या त्या दिवशी मागं गोठ्याजवळ उभ्या होत्या.

पोरगी हळू आवाजात म्हणाली, "ज्यांना विडा भेटला नाही, त्यांच्या आहेत या मॅडम." आणि माझ्याकडे पाहून तिनं पटकन मान खाली घातली.

करडीचा पोरगा तर दिसेनासा होऊ पाहत होता.

"खाली काय बघतेस?" मी खेकसले. "जे दिसतं ते सांगायचं, हेच शिकवलं ना तुला? विधवांना पान देत नाहीत. खरं आहे. पुढं बोल."

ती पुढं बोलली, आणि काय बोलली! म्हणाली, "मॅडम, यांना पान नाही, सुपारी नाही. पण गुडाखू आहे. पान खायला मनाई, पण दात घासायला कोण मनाई करते? माझी आजी दिवसातून पाच-सहा वेळा दात घासायची. पान खाणाऱ्याच्या तोंडात पान, सुपारी, चुना, तंबाखू सप्पा मिसळलेलं असते. कशानं का झालं, समजतच नाही. यांच्यात फक्त गुडाखू. मी पान खाणारे सोडून देते मॅडम. फक्त यांचंच काम करते."

मी त्या दिवशी तिला शाबास म्हटलं. पहिल्यांदा आणि चक्क वर्गासमोर. मग तोंड फिरवून खिडकी लावायला गेले, कारण डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी आम्ही गावात पुढच्या दारानं गेलोच नाही. मागच्या दारानं जायचो, गोठ्याशी, चुलीशी, जिथं या बाया असतात तिथं. त्यांना कुणी काही विचारत नसे, म्हणून विचारलं की त्या भरभरून बोलायच्या. "मले का विचारता वं माय, मी कायची?" असं आधी म्हणायच्या आणि मग उठू द्यायच्या नाहीत. मुलगी पट्टी लावायच्या आधी दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरायची. एक बुढी म्हणाली, "माह्या थोबाडाले कोणं हात लावला नाही पोरी, बुढा गेल्यापासून." पोरीचे हात क्षणभर थांबले, मग तिनं पट्टी घेतली.

या सगळ्यात एक स्लाईड मला झोपू देईना. करडीच्या मोठ्या आईची. तिच्यात काही पेशी वेगळ्या होत्या, आतलं केंद्रक मोठं, गडद, वेडंवाकडं. सिहोऱ्याचीनं ती मला दाखवली आणि विचारलं, "करगा?" मी म्हटलं, "आपण डॉक्टर नाही. आपण फक्त एवढं सांगू शकतो की डॉक्टरला दाखवा. पण तेवढं सांगितल्याशिवाय घरी जायचं नाही."

पुन्हा करडी. या वेळी मी पाटलाला ओसरीवर बसवून सांगितलं. तो म्हणाला, "बुढीले का झालं? खाते, पिते, शेण काढते." बुढी दारामागून म्हणाली, "मले दुखत नाही, मंग कायले जाऊ नागपूरले?" माझा तोल गेलाच. "दुखायला लागल्यावर जाल तर डॉक्टर काय करेल, कपाळ? गालात पांढरं आलंय ते कधीपासून आहे?" ती दचकली. म्हणाली, "तुमाले कसं समजलं? मी तं कोणाले सांगतलं नाही." तिचा पुतण्या, आमचा करडीचा, काकासमोर कधी मान वर न करणारा, तो उभा राहिला. "मी नेतो मोठ्या आईले. आज दुपारच्या गाडीनं." पाटलानं त्याच्याकडे बघितलं, बुढीकडे बघितलं, आणि आत जाऊन स्वतःच तिची पिशवी घेऊन आला. नागपूरला डॉक्टरांनी तपासलं, गालाचा तेवढा तुकडा काढला आणि सांगितलं, वेळेवर आणलंत. बाई परत आली. हसताना तोंड थोडं एकीकडे जायचं, बस्स.

होळी झाली आणि मुलगी मुंबईला मुलाखतीला गेली, बाप सोबत. मी इथं घरात येरझारा घालत होते. सासूबाई म्हणाल्या, "तू कायले एवढी घाबरून राहिली? परीक्षा तिची आहे का तुझी?" मी पुन्हा येरझारा सुरू केल्या. परीक्षा माझीही होती.

आत काय झालं ते तिनं आल्यावर सांगितलं. समोर मोठेमोठे शास्त्रज्ञ. त्यातल्या एका वयस्कर डॉक्टरांनी तिचं काम चाळून कपाळाला आठी घातली. "सगळ्या विधवाच? ही कसली निवड?" त्यांना वाटलं, पोरीनं सोयीची माणसं घेतली. पण तिनं सांगितलं: करडीचं आंगण, पितळी तबक, मानाचा विडा, लाल झालेल्या स्लाईड. बोलता बोलता तिच्या तोंडी गावचीच बोली आली, "त्याईले विडा भेटत नाही ना जी सर," असं म्हणून गेली. मग त्या डॉक्टरांनी विचारलं, "बरं. आणि तुलना कशाशी केलीस? पानही नाही आणि गुडाखूही नाही, अशी एकतरी विधवा सापडली का तुला?"

"एक सापडली, सर."

"कोण?"

"माझ्या मॅडम."

हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि मीही तिच्याकडे बघत नव्हते. आम्ही दोघी सूक्ष्मदर्शकाच्या डब्याकडे बघत होतो.

निवड झाली. पत्र आलं त्याच दिवशी बाप भंडाऱ्याला हजर, खांद्यावर पिशवी. पिशवीत चिन्नोर तांदूळ. टेबलावर ठेवून म्हणाला, "ही तुमच्यासाठी. तिच्यासाठी वेगळी बांधली हाय. मुंबईले म्हणे भात चांगला भेटत नाही." मग जरा थांबून, आणि हे त्याला जड गेलं असणार, म्हणाला, "गावात विचारलं तर आता मी नाव घेऊन सांगतो. माही पोरगी कॅन्सरचं शिकते म्हणून." वैशाखात त्यानं तिला गाडीत बसवून दिलं. मी स्टेशनवर गेले नाही. मला जमलं नसतं.

पुढच्या हिवाळ्यात नवी तुकडी घेऊन मी करडीला निघाले, तेव्हा ती सुटीवर आली होती आणि सोबत आली. आता पोरांवर ती ओरडत होती. "पट्टी अशी धरतात का? डोळे आहेत का बटनं?" मी ऐकलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

आंगण तसंच, सतरंज्या तशाच. पाटील सवयीनं तबक घेऊन बाहेर आला. आणि दारातून मोठी आई पुढं झाली. तिनं दिराच्या हातातून तबक काढून घेतलं. सगळ्या गावासमोर. "आधी तोंड दाखवा," ती म्हणाली, जरासं वाकडं बोलत. "पान मंग भेटते." कुणीतरी हसलं. तिनं गालाला बोट लावून दाखवलं, आणि हसणारा गप्प झाला. पाटील सतरंजीचा कोपरा सरळ करत बसला.

उन्हं उतरेपर्यंत काम चाललं. शेवटची पेटी बंद झाल्यावर ती तबक घेऊन आली. विडे तिनंच बांधले होते. "सुपारी नाही, तंबाखू नाही. बडीशेप हाय. दागदरनं सांगतलं हाय मले," असं जाहीर करून ती आधी गोठ्याकडे गेली, तिथं उभ्या असलेल्या बायांकडे. त्या मागं सरकल्या. तिनं एकेकीच्या हातात विडा कोंबला. मग ती माझ्याकडे आली. तबक खाली आलं आणि तिथंच थांबलं.

"मला नको, बाई," मी म्हटलं. हात पदराखाली घेतला.

"काहून? काम झालं ना तुमचं?"

मी विडा घेतला. तोंडात टाकला. चुन्यानं जीभ जरा भाजली. मग गोडसर, तिखटसर, लग्नातली चव आली. मला वाटलं होतं ती चव मी विसरले. विसरले नव्हते.

तेवढ्यात सिहोऱ्याची लाकडी पट्टी घेऊन लगबगीनं आली. "मॅडम, तुलनेची स्लाईड राहिलीच की. आ करा."

मी सवयीनं आ केला. ती वाकली आणि तशीच थांबली. पट्टी हातात, डोळे माझ्या तोंडाकडे.

"मॅडम," ती म्हणाली, "ही बाद."

"बाद कर," मी म्हटलं. "यंदा दुसरं तोंड शोध."